‘पायलट नुसता बसून असतो’ हे साफ खोटं आहे

संभाजीनगरला एनडीएची तयारी करणाऱ्या मुलांना मी भौतिकशास्त्र शिकवतो. पालकांच्या ग्रुपवर परवा एक मेसेज फिरत आला. त्याचं सार असं: लढाऊ विमान आता कॉम्प्युटरच उडवतो, पायलट नुसता बसून असतो. जी-सूट (पाय-पोट आवळणारा खास पोशाख) घातला की शरीराला काही होत नाही. एका अमेरिकन माणसाने 46 जी (एक जी म्हणजे आपल्या वजनाइतका भार, 46 जी म्हणजे 46 पट) सोसले, मग 9 जीचं काय कौतुक? आणि ज्याची शुद्ध हरपते तो कच्चा. परभणीकडच्या एका आईने विचारलं, "सर, खरंय का हे?"

आधी 46 जी. ते जॉन स्टॅप. 10 डिसेंबर 1954 रोजी रॉकेटच्या गाड्यावरून ताशी हजार किलोमीटरच्या वेगात असताना ते दीड सेकंदाच्या आत थांबले. पण तो भार छाती-पाठीच्या रेषेत आडवा होता आणि क्षणभराचा होता. तरी डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ त्यांना दिसेना. लढाऊ विमान करकचून वळतं तेव्हा भार डोक्याकडून पायांकडे येतो आणि कित्येक सेकंद टिकतो.

शुद्ध का हरपते, हे शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळावं. मोटार तीच, पण पाणी पाचपट जड झालं तर वरच्या टाकीत थेंब पडेल का? हृदयापासून मेंदू साधारण 30 सेंटिमीटर वर. एरवी तेवढं चढायला पाऱ्याचा 22 मिलिमीटर दाब खर्ची पडतो, 5 जीला 110. हृदयाचा वरचा दाब 120 धरा. उरले 10. डोळ्याच्या आतच 15 ते 20 असतो, म्हणून रक्त आधी डोळ्यात शिरत नाही. रंग जातात, कडेचं दिसेनासं होतं, मग काळोख, मग शुद्ध. हा हिशेब पैलवानालाही चुकत नाही. शुद्ध हरपलेल्या पायलटला कच्चा म्हणणं मला सहन होत नाही.

जी-सूट पोटऱ्या, मांड्या, पोट आवळतो. त्याने फार तर एक-दीड जीची भर पडते. बाकी सगळं पायलटच्या अंगावर. कंबरेखालचे स्नायू दगडासारखे ताठ, छातीत कोंडलेला श्वास, आणि तो दर तीनेक सेकंदांनी झटक्यात बदलायचा. एक श्वास चुकला तर बारा-पंधरा सेकंद बेशुद्धी, पुढे तितकाच वेळ भ्रम. ताशी 900 किलोमीटरला तेवढ्यात विमान सहा किलोमीटर जातं.

राफेल 9 जीपर्यंत वळतं. तेव्हा 70 किलोचा माणूस सहा क्विंटलच्या वर जातो. डोकं आणि हेल्मेट मिळून मानेवर साठेक किलो, आणि तीच मान वळवून मागचं विमान शोधायचं! मानेचं दुखणं या लोकांत सर्रास आढळतं, मणक्यांमधल्या गाद्यांना इजा होते.

कॉम्प्युटर विमानाला मर्यादेबाहेर वळू देत नाही, हे खरं. मेंदूला रक्त तो पोचवत नाही. त्यासाठीच बंगळूरुच्या हवाई वैद्यकीय संस्थेत पायलटांना सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे लांब हाताच्या टोकाला बसवून गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवून श्वासाचं ते तंत्र घोटून घेतात.

त्या आईला मी लिहिलं: ताई, मेसेज खोटा आहे. तहान, उपास आणि अपुरी झोप यांनी जी सोसायची ताकद घटते, म्हणून लेकराला आतापासूनच वेळेवर जेवायची, झोपायची सवय लावा. मान दुखत असेल तर लपवू देऊ नका.