चातुर्मासातलं वाचन आणि हसलेले अनारसे

यंदा पावसाळ्यात गुडघा रुसला. संध्याकाळचं फिरणं बंद झालं आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा लायब्ररीची वर्गणी वसूल झाली. काय वाचलंस म्हणून दोघीतिघींनी विचारलं, म्हणून लिहितेय. ही परीक्षणं नव्हेत. माझी मतं आहेत, आणि ती माझ्या गुडघ्याइतकीच हेकट आहेत.

सुरुवात गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून. शाळेत एक उतारा होता, तेवढ्यावर इतकी वर्षं भागवलं होतं. वरसईचा एक भिक्षुक, घरावर कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ होणार आहे आणि दक्षिणा बरी मिळेल असं कळतं, म्हणून काकांबरोबर निघतो. साल 1857! म्हणजे बंडाच्या ऐन तोंडात. पुढे झाशीला पोचतो आणि इंग्रजांच्या वेढ्यात सापडतो. शहर पडल्यावर जे झालं ते या माणसाने डोळ्यांनी पाहिलंय, आणि तो ते अशा सुरात सांगतो की जणू ओसरीवर बसून सुपारी कातरतोय. कुठे किती दक्षिणा मिळाली हेही त्याच सुरात. आपल्याकडचा आजचा कुणी लेखक असता तर झाशीच्या त्या पानांवर विशेषणांचा नुसता चिखल केला असता. भटजी रडारड करत नाहीत, म्हणून आपल्याला पुस्तक खाली ठेवून जरा वेळ खिडकीबाहेर बघावं लागतं. तिथल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली त्याचं दुःख मात्र त्यांना लपवता आलेलं नाही. इतकं सगळं सोसून शेवटी माणूस गंगेची कावड घेऊन घरी येतो! चिं. वि. वैद्यांनी हे पुस्तक 1907 साली छापून आणलं. त्यांचे उपकार.

त्यानंतर ‘स्मृतिचित्रे’. हे तिसऱ्यांदा. लक्ष्मीबाई टिळक आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्यामुळे मी जरा पक्षपाती आहे हे मान्य. पण मला सांगा, सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावणाऱ्या बापाबद्दल इतकं हसत आणि इतक्या मायेने कोण लिहू शकतं? त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले, बाई मागे राहिल्या, पुढे वर्षांमागून वर्षं ताटातूट. त्यावर आज कुणीही तीनशे पानांची कैफियत लिहील. लक्ष्मीबाई नवऱ्याला सोडत नाहीत आणि स्वतःलाही सोडत नाहीत. दोघांच्याही वेडेपणाला सारखंच हसतात. लायब्ररीच्या प्रतीत कुणीतरी पेन्सिलीने समासात लिहिलंय, ‘आमचेही असेच’. अक्षर बाईचं वाटलं. लायब्ररीच्या पुस्तकांवर लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, पण ही ओळ खोडायला माझा हात धजावला नाही.

‘रणांगण’बद्दल आता शिव्या खाणार. विसाव्या वर्षी वाचली तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. विश्राम बेडेकरांनी 1939 साली युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी माणूस आणि एक परागंदा ज्यू मुलगी आणून ठेवली, आणि मराठी कादंबरीला एकदम समुद्रावरचा वारा लागला, यात वादच नाही. अजूनही मराठीत त्या तोडीच्या फार थोड्या कादंबऱ्या आहेत. पण यंदा चक्रधरचा फार संताप आला. हॅर्टाला पाय टेकायला देश नाही, आणि हे महाशय आपलं जुनं प्रेमभंगाचं दुखणं कुरवाळत बसलेत. तेव्हा मला तो ‘खोल’ वाटला होता. कादंबरी तीच आहे, मधल्या काळात मी लग्न करून सव्वीस वर्षं झाली.

मध्येच एक इंग्रजीतून मराठीत आणलेलं, आयुष्य बदलून टाकणारं पुस्तक हातात आलं. नाव सांगत नाही. चाळिसाव्या पानावर ‘तुमच्या आतल्या आवाजाला जागा द्या’ असं वाक्य आलं. मी ती जागा पुस्तकाला दिली, परतीच्या पिशवीत.

जयंत नारळीकर मागच्या वर्षी, 2025च्या मे महिन्यात गेले, तेव्हापासून ‘यक्षांची देणगी’ पुन्हा वाचायचं मनात होतं. 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. परीक्षक आपल्या नावाला भुलू नयेत म्हणून! स्पष्टच सांगते, त्यांची माणसं पुठ्ठ्याची वाटतात. सगळे एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलतात. पण कल्पना काय एकेक! ‘उजव्या सोंडेचा गणपती’ वाचून झाल्यावर भाच्याला बसवून वर्तमानपत्राची पट्टी कापली, अर्धा पीळ देऊन टोकं डिंकाने चिकटवली आणि मधोमध कात्री चालवली. दोन कडी होतील म्हणून तो वाट बघत होता. झालं एकच, लांबलचक. पुढचा तासभर घरातला एकही पेपर शाबूत राहिला नाही. कुठली कादंबरी एवढं करते?

आणि शेवटचं पुस्तक लायब्ररीचं नाही, आईचं आहे. ‘रुचिरा’. हसू नका, मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंय, रात्री उशाशी घेऊन. कमलाबाई ओगले चौथीपर्यंत शिकलेल्या, पुस्तक आलं 1970 साली, आणि त्यातलं मराठी बघा. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. माप वाटीचं आणि चमच्याचं, काटा-वजनाचा जाच नाही. आमच्या प्रतीत चिरोट्यांचं पान आणि त्याच्या पुढचं पान तुपाने कायमची चिकटलीत. त्या पुढच्या पानावर काय आहे हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही.

वाचून इतका आत्मविश्वास आला की दिवाळीची रंगीत तालीम म्हणून अनारसे करायला घेतले. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, सगळं रीतसर. पहिलाच अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. असा हसला की कढईभर झाला. दुसरा, तिसरा, तेच. आईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पिठाला कुठली वाटी घेतलीस?”

“आपली नेहमीची.”

“आणि गुळाला?”

मी ओट्याकडे बघितलं. गुळाची वाटी वेगळी होती. चांगली मोठी.