पांढऱ्या केसांचा कॅप्टन

विमानाच्या कॅप्टनचे केस पांढरे दिसले की काही लोकांच्या पोटात गोळा येतो. मला उलट हायसं वाटतं.

वयाचा परिणाम होतो, त्यात वाद नाही. चाळिशीनंतर जवळचे आकडे अंधुक होतात, अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. टॉवरवरून उंची, दिशा, वेग, फ्रिक्वेन्सी असं एका दमात सांगितलं तर साठीच्या माणसाकडून त्यातलं एखादं निसटू शकतं. पण ४० ते ६९ वयाच्या ११८ पायलटांना अमेरिकेत तीन वर्षं सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, तपासलं, त्याचे निष्कर्ष २००७ साली आले. वयस्क सुरुवातीला मागे होते खरे, पण पुढे त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी होती. हडसन नदीत विमान उतरवून १५५ जीव वाचवणारे सलनबर्गर तेव्हा ५७ वर्षांचे होते, हेही विसरू नका.

आमचे नाना एकाहत्तरीचे. पुण्याहून येताना खंबाटकी रात्रीचा चढतात, तेही फोनवर बोलत. पायलटाचं वय काढण्यात मात्र तेच पुढे! चाळिशीनंतर लायसनला डॉक्टरांचा दाखला लागतो, तो नानांनाही मिळाला. डॉक्टरांनी मान वर न करता सही ठोकली. अक्षरांचा तक्ता भिंतीवर होता, त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

पायलटाचं तसं नसतं. साठीनंतर दर सहा महिन्यांनी मेडिकल, सिम्युलेटरची परीक्षा वेगळी, आणि प्रवासी विमान एकट्यानं उडवायला बंदी. २००९ मध्ये ब्रसेल्सहून नेवार्कला निघालेल्या विमानाचा साठ वर्षांचा कॅप्टन अटलांटिकवर असतानाच वारला. बाकीच्या पायलटांनी विमान सुखरूप उतरवलं. दुसरा माणूस शेजारी बसवतात तो याचसाठी.

मला धास्ती आहे ती झोपेची. पहाटे तीनला लँडिंग करणं पंचविशीतल्या पोरालाही जड जातं, साठीत तर शरीर लवकर सावरत नाही. त्यात मेडिकलमध्ये नापास झालं की उड्डाण बंद. मग बीपी, झोप न येणं, या गोष्टी कोण आपणहून सांगेल?

आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी पायलटांची सध्याची वयोमर्यादा ६५ आहे, ती ६७ करा अशी मागणी विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं २०२५ मध्ये केली. माझी हरकत नाही. फक्त साठीपुढच्यांना रात्रीच्या ड्यूट्या कमी द्या, आणि आजार सांगणाऱ्याचा पगार चालू ठेवा. कंपन्या दुसरी अट मान्य करतील असं मला तरी वाटत नाही.