भिंत चालवावी कशी

ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे ज्या भिंतीवर बसून चांगदेवांना सामोरी गेली, ती भिंत आळंदीत आजही दाखवतात. भिंत चालवण्याचा आपल्याला ठाऊक असलेला हा एकमेव यशस्वी प्रयोग, आणि तोही आलेल्याला अडवण्यासाठी नव्हे, तर त्याला भेटण्यासाठी केलेला. तुमचा हेतू अर्थातच वेगळा आहे. तुम्ही सत्तेवर आहात किंवा येऊ घातला आहात आणि देशाच्या सीमेवर एक भक्कम भिंत बांधण्याचा विचार तुमच्या मनात घोळत आहे. अभिनंदन! तुमची भिंत जागची हलली नाही तरी बिघडत नाही. ती सभांमध्ये चालली म्हणजे झाले.

सर्वप्रथम शत्रू निवडून घ्या, आणि तो शक्यतो गेल्या खेपेचाच असू द्या. बैल गेला आणि झोपा केला, असे म्हणून लोक उगाच हसतात. राज्यकारभारात तेच शहाणपणाचे असते, कारण बैल गेल्यानंतर लोक झोपा मागतात, बैल कुणीच मागत नाही. 1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरल्या. त्या स्वाऱ्यांत तिथल्या रयतेचे जे हाल झाले त्यांत आपण मिरवण्यासारखे काही नाही, पण कलकत्त्याच्या रहिवाशांनी त्यानंतर जे केले ते प्रत्येक नेत्याने अभ्यासण्यासारखे आहे. त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडून परवानगी मिळवली आणि शहराभोवती खंदक खणायला घेतला, तोही स्वखर्चाने! बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले, मराठे काही आले नाहीत, आणि काम तिथेच थांबले. पुढे 1756 साली शहरावर खरोखरच चाल झाली, तेव्हा आलेली फौज बंगालचा नवाब सिराजउद्दौला याची होती. खंदक मराठ्यांसाठी खणलेला असल्यामुळे त्याने सिराजउद्दौलाला अडवले नाही, यात खंदकाचा काही दोष म्हणता येणार नाही.

भिंत बांधायचीच झाली तर ती फ्रान्सने बांधली तशी बांधावी. आंद्रे माजिनो हे युद्धमंत्री स्वतः पहिल्या महायुद्धात व्हर्दूनजवळ जखमी झालेले होते, त्यामुळे त्यांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. 1930 साली संसदेने पैसे मंजूर केले आणि पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे 5 अब्ज फ्रँक जर्मनीच्या सीमेवर जमिनीखाली गाडले गेले. त्यातला हाकनबर्ग हा एकच किल्ला घ्या. डोंगराच्या पोटात सुमारे 10 किलोमीटरचे बोगदे, त्यांतून दारूगोळा वाहून नेणारी विजेची छोटी रेल्वे, स्वयंपाकघर, दवाखाना, स्वतःचे वीजघर आणि हजारभर सैनिकांची राहण्याची सोय. कित्येक सैनिकांना आपल्या गावच्या घरी कधी मिळाली नसेल अशी ही व्यवस्था होती. मात्र माजिनो रेषा या नावाने ओळखली जाणारी ही तटबंदी उत्तरेला बेल्जियमच्या सीमेपाशी येता येता पातळ होत गेली होती. बेल्जियम हा मित्र, आणि मित्राच्या तोंडावर भिंत बांधणे बरे दिसत नाही. मधल्या आर्देनच्या जंगलातून रणगाडे येणे शक्य नाही, असा निर्वाळा थोरामोठ्यांनी दिला होता. त्यांत 1934 साली युद्धमंत्री असलेले मार्शल पेताँही होते.

10 मे 1940 रोजी जर्मन सैन्य निघाले आणि 13 मे रोजी आर्देन पार करून सेदाँपाशी म्यूज नदी ओलांडू लागले. रणगाड्यांनी निर्वाळा वाचलेला नव्हता. पुढे जे झाले ते तुमच्या विशेष उपयोगाचे आहे. जून महिन्यात फ्रान्सने तह केला, तेव्हा माजिनो रेषेवरचे कित्येक किल्ले अजून शाबूत होते आणि वरून आदेश आला म्हणून नाइलाजाने तिथल्या सैनिकांनी ते शत्रूच्या ताब्यात दिले. देश पडला, भिंत उभी राहिली. यापेक्षा भक्कम बांधकामाचा दाखला कोणता कंत्राटदार देऊ शकेल? भिंतीने शत्रूला वळसा घालायला भाग पाडले, म्हणजे तिचे काम तिने चोखच बजावले, असा युक्तिवाद आजही ऐकू येतो आणि तो पूर्णपणे खोटाही नाही. तो कागदावर उतरवून खिशात ठेवा. 1944 च्या नोव्हेंबरात याच हाकनबर्गच्या तोफा चालू लागल्या, पण त्या जर्मनांच्या हाती होत्या आणि समोर फ्रान्सच्या सुटकेसाठी आलेले अमेरिकन होते.

भिंतीचे नाव ठेवताना कंजुषी करू नका. पूर्व जर्मनीचे नेते वॉल्टर उलब्रिख्त यांनी 15 जून 1961 रोजी पत्रकारांना सांगितले की भिंत बांधण्याचा कुणाचाही इरादा नाही, आणि दोन महिन्यांच्या आत बर्लिनमध्ये ती उभी राहू लागली. तिचे सरकारी नाव होते फॅसिझमविरोधी संरक्षक तटबंदी. पहारेकऱ्यांच्या बंदुका मात्र बाहेरून येणाऱ्या फॅसिस्टांवर नव्हे, तर आतून निसटू पाहणाऱ्या आपल्याच नागरिकांवर रोखलेल्या असत, पण इतका तपशील नावात मावत नाही. उलब्रिख्त यांचे वारसदार होनेकर यांनी जानेवारी 1989 मध्ये ही भिंत आणखी 50 काय, 100 वर्षेही टिकेल असे सांगितले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोक तिच्यावर चढून नाचले. तात्पर्य, मुदत सांगायचीच तर आपल्या हयातीपलीकडची सांगा.

खर्चाचे काय, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. त्यावर डोनाल्ड ट्रम्प यांनी 2015 साली दिलेले उत्तर अजून कुणाला सुधारता आलेले नाही: पैसे शेजारी देईल. शेजाऱ्याने, म्हणजे मेक्सिकोने, अर्थातच दिले नाहीत. पैशांच्या त्या वादात अमेरिकेचे सरकारी कामकाज काही अंशी 35 दिवस बंद राहिले, आणि अखेर पैसा अमेरिकेच्या तिजोरीतूनच आला, त्यातला बराचसा लष्कराच्या नावे ठेवलेला. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीअखेर सुमारे 727 किलोमीटरचे काम झाले आणि त्यातले बहुतेक जुन्याच कुंपणाच्या जागी होते. पोलादाचे ते उंच खांब तस्करांनी हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणाऱ्या विजेच्या करवतीने कापले. ज्यांना करवत परवडली नाही त्यांनी शिड्या लावल्या. रीतसर व्हिसा घेऊन विमानाने उतरलेले आणि मुदत संपल्यावर राहून गेलेले लोकही पुष्कळ आहेत, परंतु आकाशात भिंत बांधण्याचे आश्वासन पुढच्या निवडणुकीसाठी राखून ठेवावे.

तुमचा अभियंता हुशार असेलच, पण समोरच्या बाजूलाही एखादा असतो, एवढे विसरू नका. सुएझ कालव्याच्या पूर्व काठावर इस्राएलने वाळूचा प्रचंड बांध रचला होता. सरसेनापती बार-लेव्ह यांचे नाव मिळालेल्या या बांधाची उंची जागोजागी 20 मीटरच्या घरात होती. तोफगोळे त्यात रुतून बसत. बाकी झकी यूसुफ नावाचा एक इजिप्शियन अधिकारी आस्वानच्या धरणावर काम केलेला होता आणि पाण्याच्या जोराने वाळू कशी हलवतात, हे त्याने तिथे रोज पाहिलेले होते. 6 ऑक्टोबर 1973 रोजी इजिप्तच्या सैनिकांनी होड्यांवर पंप चढवले, कालव्याचेच पाणी उपसले आणि त्याचा झोत बांधावर सोडला. बागेला पाणी घालताना आळे फुटावे तसा बांध ठिकठिकाणी फुटला, आणि त्या खिंडारांतून रात्रीपर्यंत रणगाडे पलीकडे जाऊ लागले.

यातून काही शिकायचे नसते, असे इस्राएलनेच पुढे दाखवून दिले. गाझाभोवतीचा 65 किलोमीटरचा नवा अडसर डिसेंबर 2021 मध्ये पुरा झाला. त्यात 1,40,000 टन लोखंड आणि पोलाद होते, आणि आधीच्या लढाईत भुयारांनी सतावले होते म्हणून तो जमिनीतही खोल उतरवलेला होता. 7 ऑक्टोबर 2023 च्या सकाळी हमासचे हल्लेखोर जमिनीवरून बुलडोझर घेऊन आणि हवेतून पॅराग्लायडरने आले. त्या दिवशी सुमारे 1,200 माणसे मारली गेली आणि त्यानंतर गाझात जे झाले त्यापुढे हा आकडाही लहान वाटतो. इथे मला तुम्हाला कुठलाही सल्ला सुचत नाही.

दरवाजावर कोण उभा करता, तेही पाहा. चीनची भिंत मोजायला गेलात तर सगळ्या काळांतली मिळून 21,000 किलोमीटरहून अधिक भरते, पण 1644 साली ईशान्येकडून आलेल्या मांचूंना तिचा एक दगडही पाडावा लागला नाही. शानहायग्वान घाटाचा सेनापती वू सानग्वे यानेच राजधानी बळकावलेल्या बंडखोरांविरुद्ध मदत हवी म्हणून त्यांना आत घेतले. ते आले आणि अडीचशेहून अधिक वर्षे राहिले. कुंपणानेच शेत खाल्ले तर तुमच्या कंत्राटात तशी तरतूद आहे का, हे वकिलाला विचारून ठेवा.

राहता राहिला कीर्तीचा प्रश्न. त्यासाठी पुन्हा माजिनोंकडेच वळावे लागते. ते जानेवारी 1932 मध्ये, तटबंदीचे काम ऐन भरात असताना वारले. 1935 साली व्हर्दूनजवळ त्यांचे भव्य स्मारक उभे राहिले, म्हणजे भिंतीची परीक्षा होण्याच्या पाच वर्षे आधी. तेव्हा तुमच्या भिंतीची कोनशिला बसवाल त्याच दिवशी, त्याच नारळात, स्मारकाचीही बसवून घ्या.