विटन 110, स्नायडर 191: आता सांगा, मोठं कोण?

संशोधकांच्या गटांमध्ये एक मजकूर सतत पुढे ढकलला जातोय. त्याचा आशय असा: माणसाच्या कामाची पारख करायला समित्या आणि शिफारसपत्रं कशाला? एच-इंडेक्स बघा, म्हणजे निबंधांना मिळालेल्या सायटेशनवरून (इतर निबंधांत दिलेल्या संदर्भांवरून) काढलेला आकडा. विषय कोणताही असो, नियम सगळ्यांना एकच. सायटेशन जास्त म्हणजे काम मोठं. आणि आकड्यापुढे वशिला चालत नाही. शेवटच्या वाक्याला अनेकांनी मान डोलावली असेल. समित्यांचा अनुभव कुणाला नाही?

‘नियम एकच, म्हणून तुलना न्याय्य.’ नियम एकच आहे, हे खरं. किमान 20 वेळा उद्धृत झालेले 20 निबंध असले की एच 20. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 साली हे माप सुचवलं. त्यांचा तो निबंध मजकूर फिरवणाऱ्यांनी उघडून पाहिलेला दिसत नाही. त्यात भौतिकशास्त्रातल्या एडवर्ड विटन यांचा एच 110 दिलाय आणि जीवविज्ञानातल्या सॉलोमन स्नायडर यांचा 191. जीवविज्ञानात आकडे चढेच असतात, हेही तिथेच नोंदवलंय. म्हणजे गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळवणारा विटन स्नायडरांच्या जेमतेम निम्म्याहून थोडा मोठा? असं म्हणायला खुद्द हिर्श तयार नव्हते.

फरक पडतो तो विषयाच्या रीतींमुळे. प्रत्येक सायटेशन कुणीतरी दिलेलं असतं. जीवरसायनशास्त्राच्या निबंधाखाली संदर्भांची लांबलचक यादी असते, गणितात ती तोकडी. जिथे देणारेच हात आखडून देतात, तिथे घेणाऱ्याच्या पदरात किती पडणार? शिवाय गणितातलं प्रमेय पचून वापरात यायला वर्षं जातात. इतिहासकार दहा वर्षं खपून एक ग्रंथ लिहितो. एच-इंडेक्सच्या हिशेबात त्याचा भाव फार तर एक. उलट टोकाला कणभौतिकी. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या 2015 सालच्या एका निबंधाला 5154 लेखक आहेत, आणि त्याचं प्रत्येक सायटेशन त्यातल्या प्रत्येकाच्या खात्यावर अख्खं जमा होतं. वाटणी नाहीच!

‘सायटेशन जास्त म्हणजे काम मोठं.’ वैज्ञानिक वाङ्मयात सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध आहे ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा, 1951 सालचा. प्रथिनं मोजण्याची एक पद्धत त्यात आहे. सायटेशन तीन लाखांहून जास्त. पद्धत उपयोगी, म्हणून जो तो संदर्भ देत गेला. तो काही थोर निबंध नाही, असं लाउरी स्वतःच म्हणत. दुसरीकडे पीटर हिग्ज. हिग्ज बोसॉनचं भाकीत करणाऱ्या 1964 च्या कामानंतर त्यांचे दहासुद्धा निबंध नाहीत. 2013 साली नोबेल मिळालं तेव्हा ते म्हणाले, आजच्या काळात मला विद्यापीठात नोकरीच मिळाली नसती.

‘मग नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर बघा.’ म्हणजे त्यातल्या ताज्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळाली तो आकडा. हा उपाय मूळ मजकुरात नाही, पण त्याखालच्या प्रतिसादांत हमखास येतो. यावर फार वेळ घालवत नाही. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’चा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपास असायचा. 2009 साली तो जवळजवळ 50 झाला. कारण 2008 सालचा एकच निबंध. स्फटिकरचना उलगडणाऱ्या एका सॉफ्टवेअरबद्दलचा तो निबंध, ते वापरणारे सगळे उद्धृत करत होते. त्या वर्षी तिथे छापून आलेले बाकीचे लेखक एका रात्रीत पंचवीसपट हुशार झाले नव्हते.

‘आकड्यापुढे वशिला चालत नाही.’ आधी हे ठरवा की आकडा कुणाचा. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुले केलेले निबंध) मोजतं. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस या निबंधसूच्या आपापल्या निवडीतलं मोजतात. एकाच माणसाचे तीन एच निघतात, आणि अर्जात कुठला लिहिला जातो हे सांगायला नको. स्वतःलाच उद्धृत करणं, एकमेकांना उद्धृत करण्याचे आपसातले करार, हे वेगळंच. वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने 2023 साली सर्वाधिक उद्धृत संशोधकांच्या यादीतून गणित हा विषयच काढून टाकला. गणितात एकूण सायटेशन इतकी कमी असतात की थोडीशी जमवाजमव केली तरी यादीत शिरता येतं.

मजकुरातला एक मुद्दा मला पटतो: नुसत्या शिफारसपत्रांपेक्षा आकडा बरा, कधी कधी. पण तो आधी विषयाच्या सरासरीने भागून घ्यावा. 2008 साली रादिक्की, फोर्तुनातो आणि कास्तेल्लानो यांनी दाखवलं की निबंधाची सायटेशन त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या सरासरीने भागली की वेगवेगळ्या विषयांची वितरणं (किती निबंधांना किती सायटेशन, याचे आलेख) बरीचशी एकमेकांवर बसतात. अडचण उरते ती जनुकांवर काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाची. त्याला गणिताच्या सरासरीने भागलं तर तो तारा ठरतो, जीवविज्ञानाच्या सरासरीने भागलं तर चारचौघांसारखा. कशाने भागायचं, हे ठरवायला मग तीच समिती बसते.