घरातल्या प्रत्येक किड्याला एक वकील

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्या पावसात बाहेर राहायची कुणाचीच तयारी नसते. मृगाचं पाणी कौलांवर वाजायला लागलं की आमच्याकडे मुक्कामाला येणाऱ्यांची रीघ लागते. आधी दिव्याभोवती पंखवाली वाळवी. सकाळी ओटीवर नुसते पंख. बाकीची मंडळी कुठे गेली ते तुळईला विचारावं. मग मुंग्या, गोमा, झुरळं, झुरळांमागून पाली, उंदीर आणि उंदरांमागून धामण. माळ्यावर कांडेचोर, म्हणजे उदमांजर, बारमाही. (कुठला फणस पिकला ते आम्हाला दिवसा वाजवून कळत नाही, ह्याला रात्री अंधारात कळतं.)

तुळई पोकळ वाजू लागली तेव्हा मी रत्नागिरीहून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. बायको माझ्या बाजूची, पण ती नेमकी माहेरी.

पेस्ट कंट्रोलचा मुलगा ड्रिल घेऊन आला. भिंतीच्या कडेने फूट-फूट अंतरावर भोकं पाडायची, त्यांत औषध सोडायचं, म्हणजे वाळवीची जमिनीतून वर यायची वाट बंद. आईने शांतपणे कॅलेंडरकडे बोट केलं. नागपंचमी!

"आज आम्ही भाजी चिरत नाही, आणि तू जमीन खणतोस?"

त्यातून परसातलं वारूळ वाळवीनेच बांधलेलं आणि काकू सकाळीच त्याला हळदकुंकू वाहून आलेल्या. मुलाच्या हातातलं ड्रिल गेलं आणि पातोळ्यांची बशी आली.

"तुळईला काजूच्या टरफलांचं काळं तेल लाव," अण्णा म्हणाले. "आमच्या आजोबांनी तेच लावलं होतं."

आजोबांच्या पश्चात ते कुणीच लावलं नाही, हा मुद्दा मी गिळला. धामणीचा विषय निघाला.

"तिला विष नाही. उंदीर खाते. फुकट राखण करते. तिला हात लावायचा नाही."

"पण अण्णा, ती न्हाणीघरात आहे."

"मग तू विहिरीवर आंघोळ कर."

कांडेचोराचं वकीलपत्र मुलीकडे होतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिने इतक्या खणखणीत आवाजात सांगितला की मुलाने माळ्याच्या शिडीवरचा पाय खाली घेतला. कांडेचोराला हलवायचंच असेल तर १९२६ वर वनखात्याला फोन करा, म्हणाली. आणि वर, "बाबा, तो जेमतेम मांजराएवढा आहे." मांजराएवढा असेल, पण रात्री दोनला तो माळ्यावरून चालतो तेव्हा कुणी पाटा-वरवंटा हलवतंय असं वाटतं.

पालीबद्दल तर मी तोंडच उघडलं नाही. ती अंगावर कुठे पडली तर काय फळ मिळतं, हे ज्या घरात पंचांग उघडून बघतात, तिथे तिला कोण काढणार? बोलता बोलता ती चुकचुकली की आई "सत्य, सत्य" म्हणून जमिनीवर बोट आपटते. घरात इतका मान मला कधी मिळालेला नाही.

राहता राहिली झुरळं. त्यांच्या बाजूने कुणीच उभं राहिना. मुलाला हुरूप आला. कपाटांच्या बिजागऱ्यांपाशी, ओट्याखाली त्याने जेलचे बारीक ठिपके लावले. वरून फवारा मारायचा नाही, नाहीतर ती जेलकडे फिरकत नाहीत, असं बजावलं. जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, आपल्या फटीत जाऊन मरतं. मग दुसरी झुरळं त्याची विष्ठा आणि मढं खातात आणि तीही मरतात.

"म्हणजे एकाच्या तेराव्याला जेवायला गेलेल्यांचं तेरावं," आई म्हणाली. तिला हे औषध फार आवडलं.

आणि खरंच, गणपतीपर्यंत ओटा स्वच्छ. मुलाने चौकशीला फोन केला तो आईने उचलला.

"झुरळं गेली ना, काकू?"

"गेली हो, एकूण एक गेली. पण पाल उपाशी फिरतेय. तिच्यासाठी काही आहे का तुझ्याकडे?"