मनिलाची काळी मूर्ती आणि ९ जानेवारी

फिलिपिन्समधल्या मनिला शहराच्या कियापो भागात ९ जानेवारीला ‘ब्लॅक नाझरीन’ची, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूच्या काळ्या मूर्तीची, मिरवणूक निघते. तिचा व्हिडिओ सध्या फिरतोय. खाली मजकूर: ‘ब्लॅक नाझरीनची मूर्ती स्पेनहून मनिलात आली, तो हा दिवस.’ दोन्ही चूक. मूर्ती मेक्सिकोत घडवलेली; १६०६ मध्ये ऑगस्टिनियन रिकलेक्ट या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांनी ती आणली, असं परंपरा सांगते. ९ जानेवारी हा तिच्या आगमनाचा नव्हे, कियापोच्या चर्चमध्ये झालेल्या स्थलांतराचा स्मरणदिन. म्हणूनच मिरवणुकीला ‘ट्रास्लासिओन’ (स्पॅनिशमध्ये ‘स्थलांतर’) म्हणतात. जहाजाला आग लागून मूर्ती काळवंडली, ही लोककथा. कथा म्हणूनच सांगावी. आणि व्हिडिओत गर्दीतून भिरकावले जाणारे ते टॉवेल? ती हुल्लडबाजी नाही. मूर्तीला टॉवेल पुसून परत मिळावा, म्हणून अनवाणी भाविकांची ती धडपड असते.