माश्या मोजायला फॉरमॅट नाही म्हणे!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, डाव्या हाताने माश्या वारत आणि उजव्या हाताने आमरस ओरपत जेवलो. सण कसला, कवायत होती ती! लेक माहेरी आलेली, बरोबर चार वर्षांची नात. तिसऱ्या दिवशी नातीला जुलाब लागले, दोन सलाईनी चढल्या. डॉक्टर विचारतात, "बाहेरचं काही खाल्लं का?" अहो, खाल्लं घरचंच. बाहेरचं होतं ते उडत उडत आत आलं.

मला राग येतो तो नुसता घाणीचा नाही. मी एकतीस वर्षं कीटक समाहारक म्हणून नोकरी केली. असं पद असतं, हो. लग्न जमवताना सासऱ्यांना ते समजावता समजावता आमच्या वडिलांच्या नाकी नऊ आले होते. पहाटे लोकांच्या गोठ्यात शिरायचं, एका हातात टॉर्च, तोंडात ॲस्पिरेटरची नळी, भिंतीवर बसलेला डास हळूच ओढून घ्यायचा. एका माणसाला एका तासात किती सापडले, तो आकडा लिहायचा. आकडा चढला की फवारणी कुठे आणि कधी, ते ठरायचं. आधी मोजायचं, मग औषध. एवढं साधं आहे.

आणि इथे? आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट आहे. केळीच्या वखारीतला सडका माल तिथे, चिकनवाल्याची पिसं आणि आतडी तिथे, दोन गोठ्यांचं शेण तिथेच. (आमचे गल्लीवालेही कमी नाहीत. घंटागाडी दारात उभी असते तेव्हा पिशवी घरात, गाडी गेली की पिशवी प्लॉटवर.) ॲपवर तक्रार केली. चौथ्या दिवशी मेसेज आला, 'तक्रार निकाली काढण्यात आली आहे'. सोबत झाडलेल्या रस्त्याचा फोटो, तोही भलत्याच गल्लीचा! पुन्हा तक्रार केली तर संध्याकाळी धुराचं मशीन आलं. फटफट करत गेलं, म्हाताऱ्यांना खोकला लागला, पोरं मागे धावली. सकाळी माश्या होत्या तेवढ्याच. धूर वर हवेत आणि अळ्या खाली ढिगात, मरतील कशाने?

फवारणी बघणाऱ्या साहेबांना गाठलं. पोरगा सज्जन आहे, खुर्ची दिली, चहा पाजला. म्हणाला, "आप्पा, आमच्याकडे डास येतात. माशी आमच्याकडे नाही."

मग कोणाकडे आहे?

डासाच्या अळीसाठी घरोघर बाया फिरतात. रांजण उघडतात, कूलर बघतात, फ्रिजच्या मागचा ट्रे काढायला लावतात. शंभर घरांत किती घरं दूषित, किती भांडी दूषित, सगळे इंडेक्स निघतात. कोरडा दिवस पाळा, गप्पी मासे सोडा. चांगलंच आहे, त्यात माझंही आयुष्य गेलं. पण टायफॉइड, हगवण, कॉलरा यांचे जंतू पायावर घेऊन फिरणारी माशी, जी घट्ट पदार्थ खाता येत नाही म्हणून त्यावर आधी ओकते आणि मग चोखते, तिच्यासाठी एक कागदसुद्धा नाही?

साधं गणित सांगतो. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी तयार व्हायला 7 ते 10 दिवस लागतात. मादी एका खेपेला शंभरेक अंडी घालते आणि अशा चार-पाच खेपा तरी करते. आमच्या प्लॉटवर ट्रॅक्टर येतो बारा-तेरा दिवसांनी. म्हणजे माशी उडून माझ्या वाटीवर येऊन बसलेली असते आणि हे लोक मागे राहिलेल्या कोशांची टरफलं भरून नेतात. आठवड्यातून दोनदा ढीग उचलला असता तर धुराच्या डिझेलचा खर्चही वाचला असता.

म्हटलं, तुम्ही मोजत नाही ना, मी मोजतो. आंब्याच्या पेटीच्या पट्ट्या ठोकून जाळी केली. या प्रकाराला स्कडर ग्रिल म्हणतात. माश्यांच्या जागी जाळी ठेवायची, अर्ध्या मिनिटात किती बसल्या ते मोजायचं, असं दहा वेळा, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या पाच आकड्यांची सरासरी काढायची. रोज सकाळी नाकाला उपरणं बांधून उभा राहायचो. येणारे-जाणारे हसायचे. शेजारचे नाना म्हणाले, "उन्हायामा माश्या येतसच ना भो!" येतात हो, पण कुठून येतात? पहिल्या आठवड्यात 18. दुसऱ्या आठवड्यात 34. ट्रॅक्टर येऊन गेल्यावर दोन दिवस 9. मग परत 40. वही घेऊन पुन्हा साहेबांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "आकडे भारी काढले आप्पा. पण हे भरू कुठे? याचा फॉरमॅटच नाही."

तिथेच माशी शिंकली!

आता पावसाळा तोंडावर आहे आणि माझ्या डोक्यात दुसरीच माशी भणभणतेय. वाळूमाशी. ती चावली की चांदीपुरा विषाणूचा ताप येतो, 2024 मध्ये गुजरातेत त्याच तापाने लेकरं दगावली. गुजरात काय लांब आहे? नवापूरचं स्टेशनच अर्धं तिकडे आहे. हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, 1965 साली, नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावी. 2003 साली आंध्रात 329 मुलं आजारी पडली, त्यातली 183 गेली. सकाळी ताप, मग झटके, आणि कित्येकदा दुसरा दिवस उजाडत नाही. आणि बातमीसोबत फोटो छापतात घरातल्या माशीचा! अरे, वाळूमाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, आवाज नाही, मच्छरदाणीच्या भोकातून आरपार जाते. पाण्यात अंडी घालत नाही, ओल्या मातीत-शेणात घालते, तिथे गप्पी मासे काय करणार? लांब उडत नाही, टुणटुण उड्या मारते. म्हणजे चावणारी माशी तुमच्याच भिंतीच्या भेगेतली असते. नाल्यापलीकडच्या वस्तीत मातीच्या भिंती आहेत, दाराशी बकऱ्या आहेत. एरंडेल चोपडलेले कागद रात्री भेगांजवळ लावले तर सकाळपर्यंत कळतं, आहे की नाही. कागदाला आणि तेलाला लागतात किती पैसे? असेल तर भिंतीवर फवारा, भेगा लिंपा. हे सगळं बोललो. उत्तर आलं, "केस निघाली की फॉगिंग करू."

केस निघाली की! केस म्हणजे कोणाचं तरी लेकरू ना रे बाबा?

आज सकाळचा आकडा 47. वहीत लिहिलाय. एरंडेलची बाटली काल मीच आणली, कागद नातीच्या जुन्या चित्रकलेच्या वहीतले घेतले. आज रात्री वस्तीत जातोय. नाना हसत हसत का होईना, टॉर्च धरायला येतो म्हणालेत.